लिंबोणीच्या आळ्यातलं पाणी

सकाळी ओतलेलं पाणी दुपारीही आळ्यात तसंच होतं. सूर्यकांत खाली आला होता तो ब्रेड आणायला. वाटेत नुसतं बघून जाऊ म्हणून लिंबोणीपाशी वळला, तर आळ्यात समोरची सी विंग उलटी दिसत होती, तिच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्यांसकट. बेंगळुरात, बेळ्ळंदूरला मार्चमधलं ऊन, आणि एवढ्या उन्हात ते पाणी ना उडून गेलं होतं ना जिरलं होतं. त्यानं चप्पल काढून ठेवली, उकिडवा बसला आणि बोट पाण्यात घालून खालची माती चाचपली. माती बुळबुळीत लागली. बोट आणखी रुतवलं तर पेरभर खाली माती कोरडी होती, दगडासारखी. वर पाणी, खाली कोरडं. त्यानं बोट बाहेर काढलं आणि पँटला पुसलं. चोपण, हा शब्द मनात आपोआप आला, आणि तो आला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. सगळी नोकरी त्यानं चोपण जमिनी सुधारण्यात घालवली होती. कुठल्याही शेताच्या बांधावर उभं राहून नुसत्या नजरेनं तो हे सांगत असे. आणि इथं, आपल्या घराखाली, बायकोनं, प्रतिमानं लावलेल्या झाडाच्या बुडाशी, त्याला ते आज दिसलं होतं. पानांची टोकं तर दिवाळीपासून करपत होती. तो म्हणत होता, ऊन लागलं असेल.

ब्रेड न घेताच तो वर आला. घरात शिरल्यावर नेहमीसारखं झालं, म्हणजे काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रतिमा जाऊन वर्ष होत आलं तरी हे थांबत नव्हतं. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. त्याला सवय झाली होती ती तोंड मिटण्याची. प्रतिमा असती तर म्हणाली असती, मग बसलास काय, औषध दे की. तिला वाटायचं त्याच्या खात्यात माणसं जमिनीला औषध देतात. तसं ते खोटंही नव्हतं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो. मग कण एकमेकांना सोडतात, भिजले की साबणासारखे पसरतात आणि होती नव्हती ती भोकं बुजवून टाकतात. पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही, मुळं गुदमरतात. अशा जमिनीत जिप्सम घालायचं. जिप्सममधला चुना सोडियमला उठवतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. पण नुसतं उठवून भागत नाही. उठलेलं मीठ वाहून न्यायला वरून भरपूर पाणी लागतं आणि खालून वाट लागते. वाट नसेल तर मीठ तिथंच फिरत राहतं, पाणी सुकलं की पुन्हा वर येतं. मीठ नाहीसं होत नसतं, फक्त जागा बदलतं. हे वाक्य तो शेतकऱ्यांच्या मेळाव्यात इतक्या वेळा बोलला होता की त्याचा अर्थ झिजून गेला होता.

सोसायटीचा सेक्रेटरी हयवदन संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा सूर्यकांतनं त्याला हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. हयवदनचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि जिन्यात दोन्ही. आमचे पूर्वज घोड्यावर बसून आले, तुम्ही रेल्वेच्या दुसऱ्या वर्गानं, एवढाच फरक, हा त्याचा ठरलेला विनोद. आज त्यानं तो केला नाही.

“अण्णा, स्वल्प माझंही ऐका,” तो म्हणाला. “डी विंगमधल्या पोराला डेंग्यू झाला. त्याचे आईबाप माझ्या जिवावर उठलेत. बागेत पाणी साचतंय हे सगळ्यांना दिसतंय.”

“साचत नाही. मुरत नाही.”

“तेच की हो.”

“तेच नाही. साचणं वेगळं, मुरणं वेगळं.”

“डासाला काय फरक पडतो, सांगा.” हयवदननं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मीटिंगमध्ये ठराव झाला, तुम्ही आला नाहीत. सगळी माती काढायची, वर प्लास्टिकचं लॉन टाकायचं. युगादीचा पाडवा झाला की सोमवारी माणसं येणार.”

“आणि लिंबोणी?”

हयवदननं पिशवी पायरीवर टेकवली. “वैनींनी दिलेली लिंबं मीही खाल्लीत, अण्णा. पण एक झाड ठेवलं की दुसरा म्हणतो माझा जास्वंद ठेवा. पाणी मुरवून दाखवा, मी त्या आळ्याला हात लावू देणार नाही. नाही मुरलं तर मला काही बोलायचं नाही. सरी?”

सूर्यकांत ना सरी म्हणाला ना बरं. जिना चढताना मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात पोत्यांचा हिशेब सुरू केला आहे, आणि त्याला पुन्हा राग आला. कशाचा ते नीट कळलं नाही. हयवदनचा म्हणावं तर तो माणूस वाईट नव्हता. प्लास्टिकच्या गवताचा म्हणावं तर गवताला काय कळतं. प्रतिमा गेल्यापासून त्याचा राग असा मोकाट फिरत होता, कुणाच्याही दारात जाऊन उभा राहत होता. रिक्षावाल्याच्या, बँकेतल्या मुलीच्या, फोनवरून ‘काही मदत हवी का’ विचारणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या बाईच्या. यशश्रीच्याही. यशश्री त्याची मुलगी, कोरमंगलात राहायची, एका स्टार्टअपमध्ये होती. रात्रीच्या जेवणाआधी तिचा रोजचा फोन आला तेव्हा त्यानं लिंबोणीचं सांगितलं.

“बाबा, पण आपण सेम व्हरायटीचं नवीन रोप आणू शकतो ना,” ती म्हणाली. “मोठ्या कुंडीत लावू, बाल्कनीत. मी ऑर्डर करते.”

“हं.”

“हं काय? आणि ती मिठाची पोती तुम्ही अजून उचलून आणता का? तुमची पाठ बघा जरा. सॉफ्टनर बंद करा ना आता. एकट्या माणसाला कशाला लागतो? तो आईसाठी होता.”

“असू दे,” तो म्हणाला आणि आमटी उतू जात्येय असं सांगून फोन ठेवला. आमटी केलीच नव्हती.

सॉफ्टनर धुण्याच्या बाल्कनीत उभा होता, कमरेएवढा, निळ्या झाकणाचा. इथलं बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, भांड्यांवर डाग राहतात, साबणाला फेस येत नाही. वर्षानुवर्षं दोघांनी ते पाणी काही न बोलता वापरलं. मग कॅन्सरसाठी प्रतिमाची किरणं सुरू झाली आणि तिची कातडी उकलायला लागली. अंघोळ म्हणजे तिला शिक्षा वाटायची. कुणीतरी म्हणालं, मऊ पाणी वापरून बघा, आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी हे यंत्र बसवून घेतलं. त्या आजारात डॉक्टर काहीतरी करत होते, यशश्री काहीतरी करत होती, त्याला करण्यासारखं फारसं नव्हतं. हे एक होतं. पहिल्या दिवशी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि ओला हात पुढे करून म्हणाली, “बघ रे, साबण जातच नाही. किती धुतलं तरी बुळबुळीतच.” त्यानं हात हातात घेतला. खरंच बुळबुळीत होता, माशासारखा. साबण गेलाय, ते पाणीच तसं आहे, तो म्हणाला. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. तेव्हापासून दर पंधरवड्याला तो पोतं आणायचा, झाकण उघडायचा आणि गोळ्यांसारखं मीठ आत ओतायचा. ती गेल्यावरही ओतत राहिला. मीठ आत पडताना जो खळखळ आवाज यायचा तो त्याला हवा असायचा, एवढंच. दुसरं कारण त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो देवनहळ्ळीला गेला. शहरातल्या नर्सऱ्यांत जिप्सम मागितलं की पोरं प्लास्टर ऑफ पॅरिस दाखवत, नाहीतर मूठभर पांढऱ्या पुडीवर गुलाबाचं चित्र. नोकरीत असताना तो देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागच्या एका खतांच्या दुकानात जात असे. दुकान अजून होतं, पण दर्शनी भागात आता प्लॉटांचे नकाशे लावले होते. द्राक्षांचे मांडव होते त्या जागी दगड रोवलेले, दगडांवर लाल आकडे. मालकानं आतून एक पोतं शोधून काढलं, झटकलं आणि विचारलं, “किती एकर, सार?” सूर्यकांतनं दोन्ही हातांनी आळ्याएवढं गोल करून दाखवलं. मालक हसला नाही, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. कॅबवाल्यानं पोतं डिकीत ठेवू देण्याआधी कुरकुर केली आणि विमानतळाच्या रस्त्यावर सगळा वेळ आरशातून मागे बघत राहिला, जणू पोत्यात काही जिवंत होतं.

परतताना गर्दीत गाडी अडकली आणि त्याला ती सांगलीकडची बाई आठवली. नदीकाठची काळी जमीन, ऊस, आणि उसाला पाणी, पाणी, पाणी. जमिनीवर पांढरं फुललेलं. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती आणि तो तेव्हा तरण्या आवाजात बोलायचा. त्या बाईला तो म्हणाला होता, “तुम्ही पाणी घालून घालून जमीन मारलीत.” ती बाई पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती. मग म्हणाली, “व्हतं म्हणून दिलं, सायेब.” तो पुढच्या शेतात गेला. प्रतिमा त्या दौऱ्यावर बरोबर होती, लग्न नुकतं झालेलं, हौसेनं आलेली. तिनं खाली वाकून तो पांढरा थर बोटावर घेतला आणि चार शेतकऱ्यांसमोर चक्क जिभेला लावला. “जरा कमीच आहे, आणखी चिमूटभर चालेल,” ती म्हणाली. सगळे हसले. तो चिडला होता. जीपमध्ये तासभर बोलला नव्हता. आता त्याला त्या तासाचं काय करावं ते कळेना.

बागेत कामाला येणारी गंगव्वा विजापूरकडची. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे जायची, त्यामुळे तिला मराठी येत होतं, आणि त्या मराठीसाठीच प्रतिमाची तिच्याशी मैत्री झाली होती. सूर्यकांत जिप्समचं पोतं फरफटत बागेत आला तेव्हा ती जास्वंदीखाली बसून तंबाखू मळत होती.

“ही कसली रांगोळी आणलीसा?” तिनं विचारलं.

“औषध आहे. माती उकर जरा.”

तिनं खुरप्यानं दोन घाव घातले. खुरपं वाजलं. “हिनं त्वांड मिटलंया, साहेब. कुणाशी बोलंना झालीया.”

“मोरीचं पाणी सोडता ना तुम्ही बागेला, ते शुद्ध केलेलं म्हणतात ते. त्यानं झालंय. हयवदनला सांगून ते बंदच करतो.” हे बोलताना त्याला बरं वाटलं. दोष द्यायला जागा सापडली होती. प्रत्येक घरात सॉफ्टनर, प्रत्येक घराचं मीठ मोरीत, मोरीचं बागेत. हयवदनला तोंडावर सांगता आलं असतं.

“ह्या झाडाला न्हाई,” गंगव्वा म्हणाली. “हितली नळी बाईसाहेबांनी कवाच काढून टाकायला लावली. त्या पंपाजवळच्या नळाचं कच्चं पाणी घालायच्या, सवताच्या हातानं.” मग ती हसली, तंबाखू ओठात सरकवत. “तुमीच लाड लावलासा. साहेबांचं झाड ते. रोज घरचं पाणी पितंया.”

तिनं थट्टा केली होती आणि थट्टा करून ती पुन्हा उकरायला लागली. सूर्यकांत मात्र तिथंच उभा राहिला. प्रतिमा आजारी पडल्यापासून रोज सकाळी तो स्वयंपाकघरातल्या नळाची बादली भरून खाली आणत होता. चांगलं, स्वच्छ, मऊ पाणी. पंपाजवळच्या नळाचं पाणी पानांवर पांढरे डाग पाडतं म्हणून तो प्रतिमाला हसायचा. तिच्या माघारी आपण तिच्या झाडाला तिच्यापेक्षा चांगलं पाणी देतो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि कुणाला बोलून दाखवलं नसलं तरी त्या गोष्टीचा थोडा अभिमानही होता. मऊ पाणी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं का? यंत्र पाण्यातला चुना काढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम सोडतं. जमिनीत तो जे करायला जायचा त्याच्या बरोबर उलट. शेतात गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न असायचा, पाणी कुठलं? तो प्रश्न त्यानं हजार माणसांना विचारला असेल. रोज सकाळी लिफ्टमध्ये हातात बादली घेऊन उभं राहताना मात्र तो कुणी त्याला विचारला नाही. व्हतं म्हणून दिलं, सायेब. तो गंगव्वाला म्हणाला, “पुरे, मी आलो.”

बाल्कनीत यंत्र नेहमीसारखं उभं होतं. मागच्या पाइपला एक दांडी होती, बसवणाऱ्यानं दाखवलेली. आडवी फिरवली की पाणी यंत्राला वळसा घालून थेट घरात येतं. इतक्या दिवसांत तिला हात लागला नव्हता. फिरेना. त्यानं सांडशी आणली, नेट लावला, आणि ती करकरत आडवी झाली. एवढंच. काही आवाज बंद झाला नाही, काही सुरू झाला नाही. शेजारी मिठाचं अर्धं पोतं टेकवलेलं होतं. मग तो अंघोळीला गेला, खरं तर सकाळी झाली होती तरी. साबणाला फेस आला नाही. अंगावर दह्यासारखे कण राहिले, कातडी ताणली गेली, आणि धुतल्याबरोबर हात कोरडा, खरखरीत झाला. त्यानं एका हातानं दुसरा हात धरून पाहिला. तिच्या हाताचा तो बुळबुळीतपणा या घरातल्या पाण्यात आता कधीच लागणार नाही, हे त्याला तिथं, नागव्यानं, अगदी साध्या गोष्टीसारखं कळलं. हे कळायला त्यानं वर्षभर मीठ वाहिलं होतं.

जिप्सम मातीत मिसळून झालं, आता पाणी हवं होतं, आणि पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात अर्ध्या सोसायटीचं टँकरवर चाललेलं. पंपाजवळचा कच्च्या पाण्याचा नळ सकाळी थोडा वेळच सुटायचा, आणि तिथं वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. “सार, गार्डनगे बेडा,” तो म्हणायचा, बागेला नको. सूर्यकांत म्हणायचा, बागेला नाही, औषधाला. वॉचमनला मराठी कळत नव्हतं, आणि कन्नडमध्ये हे वाक्य सूर्यकांतला जमत नव्हतं. शेवटी त्यानं घरच्या वाट्याचं पाणीच खाली आणायचं ठरवलं. आता ते घरातही कच्चंच येत होतं. जड, चुन्याचं, सगळ्या शहरानं शिव्या दिलेलं, आणि या मातीला हवं तेच. दोन बादल्या त्याच्या, एक गंगव्वाची. लिफ्टमध्ये लोक पाय आखडून घेत. कुणी म्हणालं, अंकल, इतकं पाणी, या दिवसांत? त्यानं अंघोळ एका तांब्यात उरकायला सुरुवात केली होती, हे सांगायचं कुणाला.

पाणी ओतलं की साचायचं. रोज. दुपारी जाऊन बघावं तर सी विंग उलटी, टाक्यांसकट. यशश्री रविवारी आली तेव्हा तिनं नवं रोप आणलं होतं, कुंडीसकट, लाल फीत बांधलेलं. आळ्याजवळ उभी राहून ती म्हणाली, “बाबा, इट्स ओके. खरंच. झाड गेलं म्हणजे काही...” आणि थांबली. तो म्हणाला, “काही काय?” ती म्हणाली, “काही नाही.” त्याला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तिच्या नाकाचं टोक प्रतिमासारखं लाल झालं होतं म्हणून ओरडला नाही. बादली उचलायला ती पुढे झाली तेव्हा त्यानं उचलू दिली. तिनं ती फार उंचावरून ओतली आणि दोघांचे पाय चिखलात भरले.

युगादीच्या आदल्या सकाळी त्यानं पाणी ओतलं आणि आळ्यात बुडबुडा आला. आधी वाटलं, किडा असेल. मग दुसरा आला, बुंध्याजवळ. मग सगळीकडून बारीक बारीक, डाळ शिजायला लागल्यासारखे. खालची हवा वर येत होती, म्हणजे पाणी खाली जात होतं. त्यानं गंगव्वाला हाक मारली नाही. उकिडवा बसून राहिला. पाण्यातली सी विंग हलली, आखडली, टाक्या गेल्या, गच्ची गेली, आणि तळाशी नुसती ओली, खडबडीत माती राहिली. त्यानं आणखी एक बादली आणली. तीही गेली. आणखी एक.

दुपारी वॉचमन दारात आला. “सार, सेक्रेटरी करीतारे. बेसमेंट.” सेक्रेटरी बोलावत होते.

बाग जमिनीवर नव्हतीच. ती गाड्यांच्या पार्किंगच्या छतावर होती, काँक्रीटच्या लादीवर अंथरलेली माती. हे त्याला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. खाली बेसमेंटमध्ये हयवदन आपल्या पांढऱ्या गाडीजवळ हाताची घडी घालून उभा होता. छताला बारीक भेग पडलेली, भेगेच्या कडेला पांढरं फुललेलं, आणि तिच्यातून थेंब पडत होता. बॉनेटवर थेंब वाळून वाळून बशीएवढे पांढरे डाग झाले होते.

“वरचं डबकं गेलं म्हणून बघायला गेलो,” हयवदन म्हणाला. “खूश झालो. मग गाडी काढायला आलो.”

“निचऱ्याचा पाइप बुजला असेल. प्लंबरला—”

“प्लंबर युगादी करून येणार, अण्णा. पाणी मुरवून दाखवा म्हणालो. माझ्या डोक्यावर मुरवा म्हणालो नव्हतो.” तो खिशात किल्ली चाचपत होता. “किती दिवस पडेल हे?”

“मीठ संपेपर्यंत.”

“आणि मग झाड जगेल?”

सूर्यकांतनं छताकडे बघितलं. शेतकऱ्यांना तो या प्रश्नाचं उत्तर नेहमी छातीठोकपणे द्यायचा. “ते नाही सांगता येत,” तो म्हणाला. “मुळं किती राहिलीत त्यावर आहे. पानं अजून गळतायत.”

हयवदननं मान हलवली. तो गाडीत बसला, काच खाली केली. “बाकीच्या बागेत प्लास्टिकच येणार,” तो म्हणाला. “ते माझ्या हातात नाही. गाडीची तक्रार मात्र मलाच माझ्याकडे करायची आहे. मी सावकाश उत्तर देतो.” मग त्यानं गाडी मागे घेतली आणि लांबच्या रिकाम्या जागेत, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरखाली, नेऊन लावली.

गाडी गेल्यावर थेंब जमिनीवर पडायला लागला आणि त्याचा आवाज बदलला. सूर्यकांत भेगेखाली गेला. प्रतिमाची परात आणून ठेवायला हवी, त्याच्या मनात आलं, पण तो गेला नाही. हात पुढे केला. थेंब तळहातावर पडला, मग दुसरा. वॉचमन जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. सूर्यकांतनं तळहात जिभेला लावला. खारट होतं, चांगलंच खारट. त्यानं हात पँटला पुसला आणि पुन्हा भेगेखाली धरला.